टेपवर न गेलेली फाईल

अंधेरीच्या आमच्या डबिंग कंपनीत टेपरूम सांभाळणारे एक काका होते. महिनाभर कुणी न उघडलेली फाईल मशीन आपोआप डिस्कवरून टेपवर टाकायचं. कुणी मागितली की काका ती टेप शर्टाला पुसून मशीनला लावायचे.

रोज सकाळी मात्र ते एकच फाईल उघडायचे आणि न ऐकताच बंद करायचे. तिच्यात त्यांच्या बायकोचा आवाज होता. ती इथंच डबिंग करायची, दोन वर्षांपूर्वी गेली.

"काका, जाऊ द्या ना टेपवर. मागवली की येतेच परत," मी एकदा बोलून गेलो.

त्यांनी स्क्रीनवरनं नजर हटवली नाही.

"येते रे. पण तोवर चार मिनिटं स्क्रीनवर नुसतं तिचं नाव असतं, आत काहीच नसतं. एकदा थांबलोय मी. परत नाही जमणार."