पडद्याला आधी विचारणारे साळवे सर

साळवे सरांची आणि माझी पहिली भेट माझ्या गैरसमजातून झाली. बदलापूरच्या एका सभागृहात ‘विंडो सिस्टीम : प्रश्न आणि उत्तरे’ या विषयावर त्यांचे व्याख्यान होते. गावात तेव्हा जिकडेतिकडे नव्या इमारती उठत होत्या. मी वार्ताहर, त्यातून संस्कृतचा पदवीधर. विंडो म्हणजे गवाक्ष, अर्थात विषय स्लायडिंग खिडक्यांचा, असे समजून पुढच्या रांगेत बसलो. शेवटपर्यंत अक्षर कळले नाही. तरी वार्ताहराने काही विचारावे म्हणून उठून विचारले, “यात डासांची जाळी बसते का?” सभागृह हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, “अजून कुणी बसवलेली नाही. पण मागणी रास्त आहे.”

माझ्यासारख्या माणसाकडे सरांच्या पंच्याहत्तरीच्या गौरव समितीने ‘सरांचे तांत्रिक कार्य’ हा विषय का सोपवला, हे मला अजून उमगलेले नाही. जे समजले आहे असे वाटते, तेवढे सांगतो. संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या चौकटी म्हणजे खिडक्या. त्या उघडण्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तयार आज्ञांचा संच मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. तिथे पुस्तके नसतात. या लायब्ररीमार्फत पडद्याला विचारता येते, की बाबा रे, तू काय काय दाखवू शकतोस? रंग किती? चित्रावर पारदर्शक थर धरता येतो का? दाखवण्याच्या अशा प्रत्येक तऱ्हेला म्हणायचे व्हिज्युअल.

मी त्याचे ‘दृश्य’ असे भाषांतर केले. सर म्हणाले, “शास्त्रीबुवा, दृश्य म्हणजे दिसतं ते. हे दिसण्याच्या आधीचं आहे.” मी शास्त्री नाही, पण एकदा दिलेली पदवी परत घेण्याची पद्धत सरांकडे नाही. घरी आल्यावर व्याकरण आठवले. दृश्य म्हणजे मुळात ‘दिसलेले’ नव्हेच. ‘दिसू शकेल असे’. लगेच सरांना फोन केला.

“म्हणजे शब्द बरोबर होता,” सर म्हणाले.

“शब्द बरोबर आहे सर. मला मात्र काही कळलेलं नाही.”

थोडे कळले ते उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. तिथे हरीशभाईंच्या कारखान्यात जीन्सच्या खिशांवर मशीनने भरतकाम होते. नक्षी काढतात लताताई, तीही सरांनी अंबरनाथला नोकरीत असताना लिहिलेल्या प्रोग्रॅमवर. त्यात खिशाचे चित्र खाली आणि टाक्यांच्या रेषा वरच्या पारदर्शक थरात, ट्रेसिंग पेपर ठेवावा तशा. जुना संगणक बंद पडला, नवा आणला, आणि तो वरचा थर काळा ठिक्कर उमटला. रेषा दिसत, खिसा दिसेना. सर निघाले तेव्हा मीही बातमीच्या आशेने शेअर रिक्षात त्यांच्या शेजारी बसलो.

“साईं, मैं तो अब डिझाईन बाहर से मंगवाता,” हरीशभाईंनी सांगून टाकले. “लता को भी बोल दिया, दुसरा काम देख.”

लताताई म्हणाल्या, “सर, माझी सगळी नक्षी यातच उघडते. दुसरीकडे गेले तर पहिल्यापासून शिकायचं. या वयात मला कोण शिकवणार?”

सरांनी चार ओळी लिहून पडद्याला प्रश्न टाकला. मग चष्मा काढून पुसला. “याला आपला प्रश्नच कळत नाहीये.”

“म्हणजे तो नाही म्हणतो?” मी विचारले.

“नाही म्हणायलासुद्धा प्रश्न कळावा लागतो, शास्त्रीबुवा. आधी विचारायचं, हा प्रश्न तुला कळतो का? कळत असेल, तरच पुढचं. प्रोग्रॅमनं हे विचारलंच नव्हतं. लिहिणारा धरून चालला, की सगळे पडदे पारदर्शक थर धरतात.”

“कौन था वो?” हरीशभाई तडकले.

“मी,” सर म्हणाले.

नवा संगणकच खराब, असे सरांनी म्हटले असते तर आम्ही सर्वांनी मान डोलावली असती; मी सर्वांत आधी. त्यानंतर सर अंबरनाथहून तिथे येत राहिले आणि प्रोग्रॅमला विचारायला शिकवत राहिले. उत्तर ‘नाही’ आले, किंवा प्रश्नच कळला नाही, तर थराचा हट्ट सोडायचा. प्रत्येक वेळी खिसा नव्याने काढायचा आणि त्यावर रेषा ओढायच्या. काम धिमे झाले. लताताईंनी रेषा सरकवली की पडदा क्षणभर मिटे, मग दोन्ही दिसे.

“डोळा मारतो हो सर हा!”

“मारू दे. खिसा दिसतोय ना?”

“दिसतोय.” त्यांनी आणखी एक रेषा सरकवली, उगाचच.

हरीशभाई बराच वेळ मागे उभे होते. “लता, वो दुसरा काम देखने का बोला था ना? वो कॅन्सल.”

सरांच्या पंच्याहत्तरीला शाल बाजारातून आणायची नाही, असे लताताईंनी समितीला बजावले आहे. काठाची नक्षी त्यांनीच काढली आहे, अर्थात त्याच पडद्यावर. नक्षी कसली, हे मला नीटसे ओळखता आले नाही. विचारायचे धाडस केले नाही. सरांनी ती शाल रोज अंगावर घ्यावी, वापरून वापरून ती विरावी, लताताईंना दुसरी करावी लागावी, आणि ती दुसरीही विरेपर्यंत सरांची प्रकृती ठणठणीत राहावी, एवढे मागणे आहे.