पळता पळता दिलेल्या गोळ्या

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या पायाची कोणती नखं काळी पडलीत तेसुद्धा ठाऊक असतं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी आरोग्यसेवक. मेडशीच्या आसपासची काही गावं माझ्याकडे आहेत. चाळिशीत मला पळायचं वेड लागलं. बेचाळीस किलोमीटरची शर्यत चार तासांच्या आत पुरी करायची, असं डोक्यात घेतलं. सरावाचा तक्ता भिंतीवर चिकटवला. पण वेळ कुठून आणणार? नोकरी, मीटिंगा, घरची सोयाबीन, दोन मुलींच्या शाळा. मग युक्ती सुचली. पाच किलोमीटरवरच्या वस्तीत माझा टीबीचा एक पेशंट होता — सुदाम. त्याला रोज माझ्यासमोर गोळ्या घ्यायला लावायच्या, हे माझं काम. मी मोटारसायकल घरी ठेवली आणि सकाळी पळतच जाऊ लागलो. जाऊन-येऊन दहा किलोमीटर. कामही होई, सरावही होई. वाईट काय होतं त्यात? सुरुवातीला काहीच नव्हतं.

पण समोर घ्यायला लावायच्या म्हणजे थांबावं लागतं. सुदाम आधी अर्धी भाकर खाणार, मग एकेक गोळी पाण्याबरोबर गिळणार. पंधरा मिनिटं जात. माझे पाय गार पडत, लय तुटे. मग मी त्याच्या अंगणात जागच्या जागी पळत राहू लागलो — हसू नका, खरंच. एकदा तो म्हणाला, "भाऊ, या गोळ्यायनं लय मळमळते. कामावर जाता येत नाही." मी पळतच होतो. म्हटलं, "होईन सवय." घड्याळाकडे बघत म्हटलं.

पुढे तक्ता कडक झाला. मध्ये थांबायचंच नाही, असे दिवस आले. मग मी आठवड्याच्या गोळ्या पिशवीत घालून त्याच्या कुंपणाच्या तारेला बांधू लागलो. रस्त्यावरूनच ओरडायचो, "घेतल्या का?" तो हात वर करायचा. त्याची बायको वनिता तेव्हा मजुरीला निघून गेलेली असे, त्यामुळे बघणारं कोणी नव्हतं. घरी येऊन मोजे काढता काढता मी त्याच्या उपचाराच्या कार्डावर गोळ्या घेतल्याच्या खुणा करायचो. सात दिवसांच्या सात, एकदम.

शर्यत मी तीन तास बावन्न मिनिटांत पुरी केली. गावानं शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. पेशंटसाठी रोज दहा किलोमीटर धावणारा माणूस, असं बोलले लोक. मी नाही म्हटलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत सुदामही होता आणि त्याचा खोकला मला स्टेजवर ऐकू आला. ऐकू आला — आणि मी हार नीट केला.

पुढच्याच महिन्यात त्याला रक्त पडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कार्ड बघितलं, मला विचारलं, "एकही दिवस चुकला नाही? तुमच्यासमोर घेतल्या?" औषध चुकलं असेल तर उपचार एक, नियमित घेऊनही आजार उलटला असेल तर दुसरा — हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. तेव्हा खरं बोललो असतो तर त्याचा उपयोग होता. मी म्हणालो, "रोज. माझ्यासमोर."

डॉक्टरांनी सुदामकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"भाऊ रोज येत होते, डाक्टरसाहेब," तो म्हणाला. "त्यायच्या समोरच घेत होतो."

माझी नोकरी जाऊ नये म्हणून बोलला तो. मला दुसरं काही कारण सापडत नाही, आणि मी फार शोधलंय. तो उन्हाळ्यात गेला.

तेरवी झाल्यावर वनितानं मला एक गाठोडं आणून दिलं. कोठीमागं सापडलं होतं. आत गोळ्यांच्या पट्ट्या — न फोडलेल्या, माझ्याच पिशव्यांत. तिला वाचता येत नाही. दवाखान्यात नेल्यामुळं उरल्या, असं तिला वाटलं होतं. "कोन्या गरिबाच्या कामी पडतीन, भाऊ," म्हणाली. मी गाठोडं घेतलं आणि घरी येऊन मागच्या अंगणात पुरलं. कार्ड दप्तरात आहे. सगळ्या खुणा जागेवर आहेत.

मी अजून पळतो. त्याच रस्त्यानं. दुसरा रस्ता धरला तर लोक कारण विचारतील, म्हणून. वनिता मजुरीला निघालेली असते, मला बघून थांबते, परत घरात जाते. तिच्या बहिणीला ती एकदा माझ्यासमोर म्हणाली होती, "या भाऊनं आमच्या मान्सासाठी लय पाय तोडले."

ती पाण्याचा तांब्या आणते. आता मी थांबतो. मी पाणी पितो, आणि शेवटचा घोट गिळेपर्यंत ती समोर उभी राहते.