दिव्यांचा पैलवान

आमच्या तालमीच्या गणपतीपुढे यंदा दिव्यांचा पैलवान बैठका मारणार, असं मंडळाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी बोलून गेलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर मी कुपवाडच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर उमेदवारी करत होतो. ज्याला सरळ रेघ मारता येते त्याला पैलवानही हलवता येतो, असा सांगलीत तेव्हा समज असावा.

काम ऐकायला सोपं होतं. प्लायवूडच्या फळीला ओळीनं भोकं, प्रत्येक भोकात एक छोटा दिवा. मागे मोटरीवर फिरणारा लाकडी रूळ, त्यावर तांब्याच्या पट्ट्या. पट्टी तारेला टेकली की दिवा लागायचा, सुटली की विझायचा. मी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवायचे, वायरमननं त्याप्रमाणे पट्ट्या ठोकायच्या. एक चौकोन म्हणजे एक दिवा, एक कागद म्हणजे पैलवानाची एक अवस्था.

मी दोनच कागद केले, उभा आणि बसलेला. रूळ फिरवला तर पैलवान वर गायब होऊन खाली उगवायला लागला. शिवाय तो तालमीतल्या मारुतीकडे पाठ करून उभा! वायरमननं माझा कागद समोर धरून फळीच्या मागून जोडणी केली होती, त्यामुळे डावं ते उजवं झालं. तालमीत मारुतीकडे पाठ करून कुणी साधा लंगोट कसत नाही. आम्ही एकमेकांवर यथेच्छ खेकसलो आणि सगळ्या पट्ट्या उखडल्या.

मग सहा कागद केले, अंतर अगदी मोजून मापून. वस्ताद रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बघत बसायचे. निम्म्या गल्लीला त्यांनी बैठका शिकवल्या होत्या. लहानपणी मलाही शिकवायला घेतलं आणि आठवड्यात घरी धाडलं. ते माझ्या मनात होतंच. यांच्या तोंडून एकदा 'जमली' ऐकायचं, एवढ्यासाठी मी हे लचांड टाकून दिलं नव्हतं.

"ही बैठक न्हवं रं," ते म्हणाले.

"मग काय हाय, वस्ताद?"

"ह्यो हापसा हाय. बसताना टाचा उचलाय पायजेत. हात मागनं फुडं याया पायजे."

माझं डोकंच फिरलं. "आवं, त्याचं पाऊलच दोन दिव्यांचं हाय. टाच कुठनं आणू? तुमीच दावा मारून."

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी खरंच सदरा काढून ठेवला आणि ते मारुतीकडे तोंड करून उभे राहिले. मी कागदाची चळत घेऊन बसलो. ते जरा खाली गेले की मी म्हणायचो, "थांबा." ते थांबायचे, मी चौकोन मोजायचो. टाच एका चौकोनात बसेना, कोपर दोन चौकोनांच्या मधे यायचं, खोडून खोडून कागदाला भोक पडायचं. पुन्हा नवा कागद, पुन्हा "तसंच ऱ्हावा." ते जरा हलले की मी वैतागायचो. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, तेव्हाही मी "हलू नका की, वस्ताद" म्हणून ओरडलो. जे दिसलं ते मुकाट्यानं भरलं. आता कुणी खोट काढायला नको होती. नऊ कागद झाले.

प्रतिष्ठापनेच्या दिवशी दिवेलागणीला बटण दाबलं. पैलवान खाली गेला, टाचा उचलल्या, हात मागून पुढे आला. माझा आनंद गगनात मावेना. मग तो उठायला लागला, अर्ध्यात थांबला, गुडघ्यावर हात टेकला आणि सावकाश उभा राहिला. पुन्हा बसला. पुन्हा उठताना गुडघ्यावर हात.

"आरं, ह्ये तर आपलं वस्ताद," गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मायेनंच हसले, पण हसले.

वस्तादांनी आणखी दोन बैठका बघितल्या. मग मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "बैठक जमली गड्या. आता त्येचा गुडघा तेवढा बरा कर."

मी बटण बंद केलं. वायरमन आणि मी मागे जाऊन पट्ट्या उखडायला बसलो. तो कुरकुरत होता. मला मात्र पहिल्यांदाच कुणाचा राग येत नव्हता, नुसती लाज वाटत होती. त्या गुडघ्यांवर त्यांना नऊ कागदांसाठी पुन्हा पुन्हा अर्ध्यात थांबवून ठेवलं होतं मी, आणि दर वेळी वैतागलो होतो मीच.