साडूभाऊंचं दोन ओठांचं सील

आमच्या साडूभाऊंनी जगातली कुठलीही गोष्ट आधी वरून पाहिली नाही. ते पहिल्यांदा खाली बघत, काही गळतंय का ते. लग्नाला गेले तर अक्षता टाकण्याआधी वरातीच्या गाडीखाली वाकून येत. मुलगी बघायला गेले तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या स्कूटरचं तेल गळतं का हो?" फिरत्या शाफ्टभोवती बसणारं रबरी सील, म्हणजे आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवणारं कडं, हाच त्यांचा धंदा, छंद आणि देवधर्म.

ऐंशीच्या सुमारास मी सातपूरला पाण्याचे पंप बनवायला लागलो आणि पहिल्याच हंगामात ते घोटीकडून परत येऊ लागले. भाताच्या खाचरांतलं गढूळ पाणी. बारीक रेती सीलखाली शिरायची, शाफ्ट खरवडायची आणि तिथून पाण्याचं कारंजं उडायचं. पुढच्या पावसातही हेच झालं असतं तर माझ्या शेडला कुलूप लागणार होतं. दिवाळीला साडूभाऊ आले, परत आलेल्या एका पंपाखाली वाकले आणि फराळ विसरले.

दुसऱ्या दिवशी ते पंचवटीत नदीकाठी तांब्यात गाळ भरत होते. एका गुरुजींनी हळूच विचारलं, "कोणाचं दहावं?"

"अजून कोणाचं नाही," साडूभाऊ म्हणाले, "होऊ नये म्हणून आलोय."

त्या गाळपाण्यात शाफ्ट फिरवून सील तपासायचं यंत्र त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात मांडलं. मेहुणीबाईंनी यंत्रासकट त्यांना आमच्याकडे धाडलं. मग उन्हाळा संपेपर्यंत ते आमच्या गॅलरीत घरघरत राहिलं. सील फाटलं की साडूभाऊ खुशीत, "कुठून फाटतं ते कळलं!" शेवटी त्यांनी सीलला दोन ओठ दिले; एक रेती अडवणारा, दुसरा पाणी. यंत्र बंद केलं तशी आई घाबरून बाहेर आली, "का हो, थांबलं? बरं आहे ना त्याला?"

त्या पावसात एकही पंप परत आला नाही. आम्ही दोघं घोटीला बघायला गेलो. शेतकरी म्हणाला, "पंप लय भारी हाय. पर ते नवं सील कुठं बशिवलंय? दिसलंच नाय."

साडूभाऊंना एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मी आभार मानू लागलो, तर त्यांनी हात झटकला. "चांगलं सील कोणाला आठवता कामा नये. आठवलं म्हणजे गळालं."

माझी शेड, मुलांची शिक्षणं, हे घर, सगळं त्या दोन ओठांवर उभं राहिलं. साडूभाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुठे पंप बिनबोभाट चालताना दिसला की मी खाली वाकून बघतो. काहीच गळत नसतं, आणि तरी ते आठवतातच. एवढ्या एका बाबतीत साडूभाऊ चुकले.