हळदीची चार गाणी

आमच्या घरात आमची मराठी खरी बोलणारी एकच, माझी आत्या. बाबांची थोरली बहीण. आम्ही तंजावरकडचे, चेन्नईत येईपर्यंत भाषा पार पातळ झालेली. आई-बाबा निम्मं तमिळ घालून बोलत, भाऊ सरळ तमिळच. मी मात्र हट्टाने आत्याशी आमच्याच बोलीत बोलायचे. हे पुस्तकी मराठी मी नंतर शिकले.

पोटासाठी मी तमिळ मालिकांचं ध्वनिसंकलन करते. दिवसभर सासवांच्या किंचाळ्या साफ करायच्या! आयर्लंड-स्कॉटलंडकडचे कलावंत त्यांची गेलिक भाषा गाण्यांतून, सिनेमांतून जगवतात असं कुठेसं वाचलं आणि माझ्या अंगातच आलं. आत्याला आमच्या लग्नांतली हळदीची गाणी येत होती, वीसेक तरी. दुसऱ्या कुणालाही येत नव्हती. पण नवरा गेल्यापासून तिने त्यातली ओळसुद्धा गुणगुणली नव्हती. विधवेने मंगल गाणी म्हणायची नाहीत, नव्या जोडप्याला बाधतात, ही आमच्याकडची रीत. उघड कुणी बोलत नाही, पाळतात सगळे.

महिनाभर मी तिच्या मागे लागले. शेवटी म्हणाली, "इथे लग्न नाही, नवरी नाही. मग बाधेल कोणाला गं?" अड्यारच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी पंखा बंद केला, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना रजया लावल्या, माइक ठेवला, आणि ती गायली. पहिल्या गाण्याला आवाज कापत होता. चौथ्याला डोळे मिटून, मांडीवर ठेका धरून गायली, आणि मला रडू आवरेना. "बाकीची आठवतील हळूहळू," म्हणाली. त्या दिवशी तिने आपणहून दुसऱ्यांदा कॉफी मागितली.

त्या चार गाण्यांवर मी छोटी फिल्म केली. समाजाच्या हॉलमध्ये दाखवली तेव्हा म्हातारी माणसं डोळे पुसत होती. मला शाल मिळाली. आत्याला कुणीतरी जाता जाता "छान हं" म्हणालं.

मग भावाचं लग्न ठरलं. आई म्हणाली, हळदीला तुझी ती गाणी लावू या. मी अशी फुगले म्हणून सांगू! स्पीकर मीच नेले. आत्या नवी सुती साडी नेसून बाहेर आली. आई लगबगीने पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, थोडा वेळ आत बसा ना. मुलीकडची माणसं आलीत." आत्या सामानाच्या खोलीत गेली.

आणि मी? मी गाणं सुरू केलं. बायका भावाला हळद लावत होत्या, वर आत्याचा आवाज, आणि मी तो जरा घुमतोय म्हणून बटणं फिरवत होते. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बॅगांच्या ढिगात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ती ऐकत होती. मला दिसत होतं. तिथल्या तिथे गाणं बंद करायला हवं होतं. हिचा आवाज चालतो आणि ही चालत नाही का, असं आईला चारचौघांत विचारायला हवं होतं. भित्री मेली मी! चारही गाणी शेवटपर्यंत वाजवली. लोक म्हणाले, आपली भाषा वाचवलीस गं पोरी.

आठवड्याने मी माइक घेऊन पुन्हा तिच्यापुढे बसले. मला लाज कशी वाटली नाही, देव जाणे. "आत्या, बाकीची म्हण ना." ती तांदूळ निवडत होती. वर न बघता तमिळमध्ये म्हणाली, "मरंदु पोच्चु." विसरले.

जन्मात ती माझ्याशी तमिळमध्ये बोलली नव्हती. वाटलं, चुकून आलं असेल तोंडात. पण दुसऱ्या दिवशीही तेच, महिन्याने तेच, अजूनही तेच. मी आमच्या बोलीत विचारते, ती तमिळमध्ये उत्तर देते. रागाने नाही हो, मायेनेच. जेवलीस का, उशीर का झाला, सगळं विचारते. एकदा मी तिचे पाय धरले. म्हटलं, चुकलं माझं, गाणी राहू देत, एकदा तरी आपल्या बोलीत बोल. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रडू नकोस बाळा, हेही तिने तमिळमध्येच सांगितलं. "अळादे, कण्णु."