बर्गरच्या दुकानात पुकारलेलं नाव

आमच्या घरात माय कधी पहिल्या पंगतीला जेवली नाही. आप्पा सेनगावच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलायचे, माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. आधी आप्पा जेवायचे, मग आम्ही लेकरं, आणि उरलंसुरलं घेऊन माय चुलीपुढं परातीतच खायची. कोणाच्या लग्नात पंगतीला बसली तरी कोणीतरी येऊन म्हणायचंच, "उठ गं बाई, पाहुणे राहिलेत अजून." आणि ती उठायची. हातातला घास तसाच ठेवून! मला लहानपणापासून हे बघून संताप यायचा. त्याच मायच्या मजुरीवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजला गेलेली पहिली मी, आणि हे मी मान वर करून सांगते. आता हिंगोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे.

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते, खरं सांगायचं तर, हसायला. चिंचेखाली बाई दिसली, सामसूम रस्त्यावर कोणी गाडीला हात केला... माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. रक्ताच्या नमुन्यात जे सापडतं ते आहे, जे सापडत नाही ते नाही — माझा हिशोब सरळ होता. म्हणून त्या बर्गरवाल्याच्या नावानं मी नेटवर एक स्टार देऊन जे लिहिलं, त्यात फक्त सर्व्हिसचं आणि खाण्याचं लिहिलं. उरलेलं तिथं लिहिण्यासारखं नव्हतं. ते इथं लिहिते. दुकानाचं नाव देत नाही, हिंगोलीच्या वाचकांनी अंदाज बांधत बसू नये.

मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या दिवशी तपासणी होती. डॉक्टर म्हणाले डोळा छान आहे. दुपारची वेळ, दोघींना भूक लागलेली. एसटीतून येता-जाता माय त्या दुकानाची लाल-पिवळी पाटी नेहमी बघायची. म्हणाली, "ते पावाचं चित्र हाय ना, ते काय असतंय गं?"

"चल, आज खाऊनच बघ," मी म्हटलं. मनात एवढंच होतं — आज माय खुर्चीवर बसेल, कोणीतरी तिच्यापुढं आणून ठेवेल आणि ती निवांत खाईल. कोणी तिला उठवणार नाही.

काचेच्या दारापाशी मायनं चपला काढल्या. देवळात काढतात तशा, जोडीनं, बाजूला लावून. मी मागं पर्समधून पैसे काढायला थांबले होते, वर बघितलं तेव्हा त्या काढून झाल्या होत्या. आतून दुकानाच्या टी-शर्टातला एक जण आला आणि पायानं... हो, पायानं त्या चपला सरकवत म्हणाला, "मावशी, इधर नहीं, कस्टमर का रस्ता है."

"ती कस्टमरच आहे," मी म्हटलं.

तो हसला. काउंटरमागचे दोघंही हसले. मायनं चपला उचलून हातात घेतल्या आणि तशीच आत आली. मी सांगितल्यावर घातल्या, पण अंग चोरून.

बरं, बसलो तर लगेच दुसरा आला. "ही टेबलं चार जणांची आहेत, तुम्ही तिकडं बसा." तिकडं म्हणजे हात धुवायच्या बेसिनला लागून. शेजारच्या चौघांच्या टेबलावर कॉलेजची दोन पोरं पाय पसरून बसली होती, त्यांना कोणी काही म्हणत नव्हतं. मी भांडायला तोंड उघडलं, तोवर माय उठलीसुद्धा!

"काहून उठलीस?" मी दात खात विचारलं.

"जाऊ दे गं. इथं काय अन् तिथं काय. पाव तर तोच देतेत ना?"

माझ्या कपाळाची शीर उडत होती. तशीच काउंटरवर गेले. दोन व्हेज बर्गर, एक फ्राईज, मायसाठी साधं पाणी. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "नाव?" मी सांगितलं, वर्षा. तो बटणं दाबत राहिला, मी परत येऊन बसले. मला आठवतं ते एवढंच. नीट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं इथंच येऊन अडतं.

मग वाट बघणं सुरू झालं. आमच्या नंतर आलेल्यांचे ट्रे गेले. त्यांच्या नंतरच्यांचेही गेले. बेसिनवर हात धुणाऱ्यांचे शिंतोडे मायच्या पदरावर उडत होते. माय म्हणाली, "भाकरी टाकून झाली असती एव्हाना." मी उठणारच होते, तेवढ्यात माईकवर आवाज आला.

"कौतिका मॅडम... कौतिका मॅडम, तुमची ऑर्डर तयार आहे."

कोणी उठलं नाही. मी इकडंतिकडं पाहिलं. असल्या नावाची बाई आजकाल कुठं असते? पुन्हा पुकारा झाला. आणि माझ्या शेजारची माय उभी राहिली.

डोळ्याला काळा चष्मा, पायाला अंदाज नाही, तरी सरळ काउंटरकडं चालत गेली. मी मागं धावले. "माय, आपलं नाव नाही ते. बस तू."

काउंटरवरच्या पोरानं ट्रे मागं ओढला. "मावशी, ये आपका नहीं है. कौतिका मॅडमचं आहे."

माय म्हणाली, "मपलंच नाव हाय ते."

मायचं नाव द्वारका. रेशनवर, बँकेत, दवाखान्याच्या कागदावर द्वारका. आयुष्यभर मी तेच ऐकलेलं. मला वाटलं, ऑपरेशनच्या गोळ्यांनी डोकं फिरलं हिचं. पण मायचा चेहरा... असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. ती त्या पोरावर चिडली होती! जन्मात कोणावर आवाज न चढवलेली बाई काउंटरवर हात आपटून म्हणाली, "माझं नाव तुला कोण सांगितलं रे? बोल! माझा बाप मेल्यापून त्या नावानं मला कोणी बोलवलं न्हाई!"

पोरगं घाबरलं. माझ्याकडं बोट करून म्हणालं, "ह्यांनीच सांगितलं की!"

आता मात्र माझा बांध फुटला. चपलांपासून बेसिनपर्यंत सगळं त्याच्यावर काढलं. गिऱ्हाइकाला उठवता, ताटकळत ठेवता, आणि वरून थापा मारता? मॅनेजर धावत आला. "मॅडम, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल." मी म्हटलं, सॉफ्टवेअरला माझ्या मायचं माहेर माहीत आहे का? तो पोरगा रडवेला होऊन एकच सांगत होता — "मॅडम, तुम्ही कौतिका म्हणालात. मला कळलं नाही म्हणून मी परत विचारलं. तुम्ही परत सांगितलं, चिडून. म्हणालात, नीट लिही."

"कॅमेरा दाखवा," मी म्हणाले. मला खात्री होती, ह्यांचं थोबाड बंद होणार.

मॅनेजरनं दाखवला. आवाज येत नव्हता, पण चित्र स्वच्छ. मी काउंटरवर उभी. पोरगं काहीतरी विचारतं, मी बोलते. ते मान वर करून पुन्हा विचारतं. मी पुढं वाकून, बोट नाचवत, पुन्हा बोलते. मग वळते.

त्यानं दुसऱ्यांदा विचारल्याचं मला आठवत नाही. तेव्हाही आठवलं नाही, आजही नाही. पडद्यावरची बाई मीच होते, ड्रेस माझा, पर्स माझी... आणि ती काय बोलतेय ते मला माहीत नव्हतं. उन्हाळ्याची दुपार, दुकान माणसांनी भरलेलं, आणि मी तेच चित्र पुन्हा लावायला सांगितलं.

मॅनेजरला काय वाटलं कोण जाणे, त्यानं आम्हाला मधल्या मोठ्या टेबलावर बसवलं, नवीन बर्गर करून आणले. पाव कोरडा, टिक्की मधे गार, फ्राईज मऊ पडलेल्या — हे मी रिव्ह्यूत लिहिलंच आहे. मायनं मात्र चवीनं खाल्लं. "पावात वडाच घातलाय की. त्यापायी एवढा तमाशा!" म्हणाली.

मी विचारलं, "माय, कौतिका कोण?"

"मीच. बापानं ठेवलं होतं. पाच पोरांमागं एक पोरगी झालते म्हणून."

"मग बदललं काहून?"

माय खाता खाता अगदी सहज म्हणाली, "तुझ्या आज्याच्या म्हशीचं नाव कौतिका होतं. घरात दोन कौतिका कशाला म्हणाले. मग लग्नात ताटात तांदूळ पसरले अन् भटजीनं तुझ्या बापाचा हात धरून अंगठीनं द्वारका लिवलं. त्याला कुठं लिहिता येत होतं!"

म्हशीचं नाव राहिलं. मायचं गेलं. मी हातातला बर्गर खाली ठेवला. ते बर्गरवाले तरी परके होते हो!

घरी आल्या आल्या मी आप्पांना विचारलं, "कौतिका कोण, आठवतं का?"

आप्पा खूश झाले. "व्हय तर! आपली म्हैस! लई गुणाची. तू जन्मायच्या आधीच इकली. तुला कोण सांगितलं?"

"आणि मायचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

आप्पांनी डोकं खाजवलं. "असंल काहीतरी. आता कुठं ध्यानात राहून राहिलं!"

माय दारातच उभी होती. ऐकून आत गेली. पण दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी "अगं ए" म्हटलं की तिनं ऐकूच न आल्यासारखं करायला सुरुवात केली. "वर्षाची माय" म्हटलं तरी गप्प. आप्पा भडकले. "कान बी तपासून आणले असते डोळ्यासंगं!" माझ्यावर ओरडले, "तूच शिकवून राहिली हिला. चार बुकं शिकली अन् म्हातारपणी आम्हाला नाचवती!" मी म्हटलं, "म्हशीला नावानं हाक मारत होते ना? मग हिलाही त्याच नावानं हाक मारा."

लॅबमधल्या आमच्या सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, लहानपणी कधीतरी ऐकलं असशील, रागात तोंडातून गेलं. ऐकलं असेलही, म्हशीचं. पण मायसाठी मागवलेल्या ताटाला मी म्हशीचं नाव कशाला देईन? मायचं म्हणून ते नाव मी ऐकणं शक्यच नव्हतं. आजा-आजी मी पाहिले नाहीत, मामा तिला लाडानं बाय म्हणतात, आणि तिनं स्वतः ते कधी उच्चारलं नाही. मी माझी शुगर तपासली, बीपी तपासलं, सगळं नॉर्मल. त्या पोरानं दोनदा विचारलं आणि मी दोनदा सांगितलं, हे कॅमेऱ्यात आहे. माझ्या डोक्यात नाही. ह्याचा अर्थ कोणाला लागत असेल तर जरूर सांगा, फक्त "भास असेल" म्हणू नका. कॅमेऱ्याला भास होत नाही.

मला उत्तर मिळालेलं नाही आणि त्याचा मला राग येतो. पण एक गोष्ट झाली. एका सकाळी आप्पा अंगणात बसले होते, कंबर धरलेली, उठता येईना. "अगं" म्हणाले, "ए" म्हणाले, मग थांबले. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "कौतिका!"

माय घरातून "ओ" म्हणाली आणि बाहेर आली.

आता आप्पा तिला रोज त्याच नावानं हाक मारतात. गल्लीतल्या बायकाही मारतात. माझ्या मायला तिचं नाव परत मिळालं.