उसातलं कॉलेज आणि न फुटलेली सुपारी

माझ्या एकुलत्या एक मुलीची सोयरीक मी जवळजवळ मोडली होती, आणि तीही होणाऱ्या जावयाचं कौतुक करता करता. चूक पूर्णपणे माझी होती. बायकोचंही तेच म्हणणं आहे. (आमच्या संसारात एकमताचा हा एवढा एकच मुद्दा.)

पुंडलिकनगरात मी कॉलेजांचा जाणकार आहे. बारावीचा निकाल लागला की शेजारीपाजारी मला विचारायला येतात. नाही आले तर मी फाटकात उभा राहून सांगतो. राज्यातलं कुठलंही कॉलेज घ्या, तिथला पोरगा कसा निघणार हे मी त्याला न बघता सांगू शकतो. न बघता, हे महत्त्वाचं.

ऋतुजा पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात शिकली आणि तिथंच नोकरीला लागली. ऑफिसातला संदीप तिला आवडला. मुलगा इंजिनिअर, घर पाचोडकडचं, एवढं तिनं सांगितलं. पुण्यात नोकरी म्हणजे शिक्षणही पुण्याचंच, हे मी माझं मीच ठरवून टाकलं.

बैठक आमच्याकडं होती. संदीप, त्याचे वडील विठ्ठलराव आणि मामा, असे तिघं आले. देणंघेणं काही नव्हतंच, बोलणी सुरळीत झाली. आता सुपारी फुटली की सोयरीक पक्की. विठ्ठलरावांनी सुपारी हातात घेतली, आणि आमच्याकडं अडकित्ता सापडेना! बायको आणि ऋतुजा स्वयंपाकघरात डबे उपसू लागल्या. पाहुण्यांपुढं शांतता पसरली. मला शांतता सोसत नाही.

मी जावयाचं कौतुक सुरू केलं. म्हटलं, पुण्याच्या पोराची गोष्टच वेगळी. स्वतःच्या नावाआधी कॉलेजचं नाव सांगतो. लातूरचा नवरदेव अक्षता पडेपर्यंत सराव परीक्षा सोडवतो. नागपूरकडं दुपारी वर्गात ना विद्यार्थी ना प्राध्यापक, सगळे कूलरपुढं. कोल्हापूरला हजेरी शंभर टक्के, फक्त मेसमध्ये. मामा हसले. विठ्ठलरावही हसले. तिथं थांबायला हवं होतं.

आमच्या भागात, शहरापासून तासाभरावर, एक कॉलेज आहे. चहूबाजूंनी ऊस, म्हणून सगळे त्याला उसातलं कॉलेज म्हणतात. मी म्हणालो, "नाहीतर ते उसातलं कॉलेज बघा. तोडणी झाल्याशिवाय कॉलेज दिसत नाही आणि परीक्षा आल्याशिवाय पोरं दिसत नाहीत."

कुणी हसलं नाही.

संदीप अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, मी तिथलाच."

मी लगेच सावरून घेतलं. म्हटलं, तुम्ही हुशार होतात म्हणून निभावलं, एरवी तिथं पुस्तकाला हात लावणारं कोण आहे? मामांनी कप खाली ठेवला.

"म्या लावतो. लायब्ररी माझ्याकडंच हाय."

आता स्वयंपाकघरातले डबेही वाजायचे थांबले होते. माणसांना दोष देण्यात अर्थ नाही हे माझ्या ध्यानात आलं, म्हणून मी सगळा दोष जागेवर टाकला. म्हटलं, माणसं चांगलीच असणार हो, जागा चुकली. असल्या आडरानात कॉलेजला जमीन दिली तरी कोणी?

"म्या दिली," विठ्ठलराव म्हणाले, आणि त्यांनी सुपारी खिशात घातली.

ऋतुजा दारात आली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, त्याचं कॉलेज मी मुद्दाम नव्हतं सांगितलं. सांगितलं असतं तर तुम्ही ही बैठकच होऊ दिली नसती."

हे खरं होतं. पोरीला आपल्या बापापासून काय लपवावं लागलं, तर कॉलेजचं नाव! मी हात जोडले. काय बोलावं ते सुचेना. (ही घटना आमच्या घरात अजूनही सांगितली जाते.)

विठ्ठलरावांनी ऋतुजाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बसा पाव्हणं. आम्ही बी लई शहाणे नाय. घरून निघताना हेच बोलत होतो, पुण्याच्या कॉलेजातली पोरगी, आपल्याला चहा तरी इचारती का नाय."

"दोनदा दिला की," मामा म्हणाले.

ऋतुजाला रडता रडता हसू आलं. मी पुन्हा हात जोडून म्हणालो, "माझं चुकलं."

"इथं नाय. पुढच्या महिन्यात कॉलेजात गॅदरिंग हाय. तिथं येऊन बोला." विठ्ठलरावांनी सुपारी बाहेर काढली. अडकित्ता काही मिळाला नाही. सुपारी शेवटी खलबत्त्यात फोडली.

महिनाभर मी माफीचं भाषण पाठ केलं. बायको ते ऐकून ऐकून म्हणाली, आता मीच माफ करते, पण थांबा. शेवटी गेलो. ऊस चांगला डोक्याच्या वर होता आणि कॉलेज लांबूनच दिसत होतं. चार मजली आहे. आत शाल, नारळ, टाळ्या. माईक हातात आला आणि मी म्हणालो, तुमच्या कॉलेजबद्दल मी जे बोललो त्याची माफी मागायला आलोय.

विठ्ठलरावांनी तिथं कुणाला काहीच सांगितलेलं नव्हतं! प्राचार्यांनी कुतूहलानं विचारलं, "काय बोलला होतात?" पोरंही ओरडू लागली, सांगा, सांगा. सांगावं लागलं. पोरं बाकं बडवून हसली. प्राचार्य डोळे पुसत होते. मागून एकजण म्हणाला, "सर, आमच्याकडं याहून भारी जोक आहेत."

भाषण मी विसरलो होतो. म्हणालो, "तुमच्यातल्या एकालाही न भेटता मी हे बोलत आलो. माझ्या मुलीला तुमच्या कॉलेजचं नाव माझ्यापासून लपवावं लागलं. मला माफ करा."

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मागच्या बाकांवरून आवाज आला, "वन्स मोअर!"

सांगायला लाज वाटते, पण मी खरंच पुन्हा एकदा माफी मागितली. या खेपेला जरा हातवारे करून.